सरळ रेघेची कुळकथा

सरळ रेघ काढणें हें शाळकरी मुलाचें काम समजलें जातें. पट्टी ठेवावी, पेन्सिल टेकवावी आणि ओढावी. यांत इतिहास सांगण्यासारखें काय आहे, असें कोणासही वाटेल. परंतु ती पट्टी सरळ कशावरून, असें विचारलें म्हणजे उत्तर देणारा अडखळतो. एका पट्टीचा सरळपणा दुसरीवरून घेतला, दुसरीचा तिसरीवरून. मग पहिली पट्टी सरळ कोणी केली? वर्तुळाची गोष्ट तशी नाहीं. कंपासाचा एक पाय रोंवून दुसरा फिरविला कीं वर्तुळ तयार होतें. त्यासाठीं आधींचें वर्तुळ लागत नाहीं. रेघेला मात्र आपला सरळपणा नेहमीं कोणाकडून तरी उसना घ्यावा लागला आहे.

भारतांत तो ताणलेल्या दोरीकडून घेतला गेला. यज्ञवेदींच्या रचनेचे नियम सांगणाऱ्या ग्रंथांना शुल्बसूत्रें हें नांव पडलें, कारण शुल्ब म्हणजे दोरी. खुंट ठोकावे, दोरी ताणावी आणि तिच्या आधारें वेदीच्या बाजू आंखाव्या, ही बौधायनादिकांची पद्धति. गवंडी आजही विटांचा थर सुतावर घेतो, आणि वठणीवर आलेला मनुष्य मराठींत 'सुतासारखा सरळ' होतो.

वाफेच्या यंत्रानें हाच प्रश्न नव्या रूपांत पुढें आणला. दट्ट्याचा दांडा सरळ वरखालीं जावयास हवा. परंतु ज्या तुळईला तो जोडावयाचा, तिचें टोंक कमानींत फिरे. जेम्स वॉटनें १७८४ सालीं दांड्यांची अशी जुळणी केली कीं तिच्यावरील एक बिंदु जवळजवळ सरळ रेषेंत चाले. 'जवळजवळ' हा शब्द गणितज्ञांना सलत राहिला. १८६४ सालीं पोसलिए या फ्रेंच लष्करी अभियंत्यानें सात दांड्यांची एक जुळणी जाहीर केली. तिच्यांतील बिंदु सपाट पृष्ठावर तंतोतंत सरळ रेषा काढतो, आणि तेंही कोणत्याही पट्टीच्या आधारावांचून. १८७७ सालीं केंप या इंग्रज गृहस्थानें याच विषयावर पुस्तक लिहिलें व त्याला 'सरळ रेषा कशी काढावी' अशा अर्थाचें साधें नांव दिलें.

नकाशे काढण्याच्या कचेऱ्यांतून तथापि टी-स्क्वेअर आणि गुण्या यांचेंच राज्य राहिलें. तेथील रेघ कितीही कुशल हातानें काढलेली असो, तिला जाडी असे. १:१०० या प्रमाणाच्या नकाशांत अर्धा मिलिमीटर जाड रेघ म्हणजे प्रत्यक्ष जागेवर ५ सेंटिमीटर. म्हणूनच रेघेशेजारीं माप लिहिण्याची चाल पडली. कारागिरानें विश्वास ठेवावयाचा तो आंकड्यावर; रेघ ही केवळ त्या आंकड्याची खूण.

ही व्यवस्था पालटणाऱ्यांत आयव्हन सदरलँड यांचें नांव अग्रभागीं आहे. अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेंत विद्यार्थी असतांना त्यांनीं लिंकन प्रयोगशाळेंतील टीएक्स-२ या संगणकावर 'स्केचपॅड' नांवाची योजना सिद्ध केली आणि १९६३ सालीं तिच्यावर प्रबंध सादर केला. प्रकाशलेखणी पडद्यापाशीं नेऊन कळ दाबली कीं एका बिंदूपासून रेघ निघे, आणि तिचें दुसरें टोंक ताणलेल्या रबरासारखें लेखणीमागें धांवे. मधली रेघ हातानें काढलेलीच नसे. यंत्र दोन टोंकांचीं स्थानें स्मरणांत ठेवी व त्यांमधील रेघ स्वतः हिशेब करून दाखवी. हात थरथरला तरी रेघ थरथरत नसे. लेखणी एखाद्या जुन्या बिंदूजवळ नेली तर नवें टोंक नेमकें त्याच बिंदूवर जाऊन बसे.

याहून महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. प्रबंधांत षट्कोनाचें एक उदाहरण दिलें आहे. प्रथम सहा बाजूंची ओबडधोबड आकृति काढावयाची. मग तिचे कोपरे एका वर्तुळावर नेऊन बसवावयाचे. आणि सर्व बाजू सारख्या असाव्या अशी आज्ञा द्यावयाची. एवढ्यानें ती वेडीवांकडी आकृति सुसम षट्कोन बनून जाई. ही रेघ आडवी, ती उभी, या दोन समांतर, असेही निर्बंध घालतां येत. रेघेचा सरळपणा आतां दोरीकडून नव्हे, तर तिला घातलेल्या अटीकडून येऊं लागला.

अर्थात् डोळ्यांना दिसणारी रेघ निराळी. आंखणी करणाऱ्या यंत्राचा टांक लहान लहान पायऱ्यांनींच सरके. कोठें सरळ जावें व कोठें तिरपें, हें त्याला पावलोपावलीं ठरवावें लागे. आयबीएम कंपनींतील जॅक ब्रेझनहॅम यांनीं १९६२ सालीं केवळ पूर्णांकांची बेरीज-वजाबाकी करून व उत्तराचें चिन्ह पाहून हा निर्णय करण्याची रीति बसविली. ती १९६५ सालीं प्रसिद्ध झाली. पडद्यावरील तिरपी रेघही अशीच ठिपक्यांच्या पायऱ्यांची असते. खरी रेघ आंत आंकड्यांत असते. बाहेर दिसते ती तिची सांवली.

१९८२ सालीं ऑटोकॅड ही योजना लहान संगणकांसाठीं निघाली, आणि हें सामर्थ्य सामान्य कचेऱ्यांच्या आटोक्यांत आलें. त्याबरोबर एक नवा धोकाही आला. कागदावर दोन भिंती केसभर अंतरानें चुकल्या तरी गवंडी त्या जुळवून घेई. नकाशा काढणाऱ्याचा हेतु त्याला कळत असे. धातूचा पत्रा कापणाऱ्या यंत्राला हेतु कळत नाहीं, त्याला आंकडेच कळतात. पडद्यावर मिळालेल्या दिसणाऱ्या दोन रेघा अनेक पट मोठ्या करून पाहिल्या म्हणजे कधीं कधीं त्यांच्यामध्यें फट दिसते. नजरेच्या अदमासानें टोंक टेकविणाऱ्याची ही शिक्षा होय. म्हणून जाणता आंखणीकार लांबी व कोन आंकड्यांनीं देतो, रेघ आडवी-उभी राहण्याचें बंधन घालतो, आणि टोंक दुसऱ्या टोंकाशीं यंत्राकडूनच जुळवून घेतो.

हाताचें कसब यंत्रानें घेतलें, हें खरें. परंतु कोणती रेघ कोणाला समांतर असावी आणि कोणाशीं कोठें मिळावी, हें सांगण्याचें काम माणसाकडेच राहिलें आहे. वेदीसाठीं खुंट कोठें ठोकावा हें दोरीनें कधीं ठरविलें नव्हतें. आणि संगणकही तें ठरवीत नाहीं.