सुईणीचा हात

मुंबईत हल्ली बाळंतपणाला पैसे देऊन सोबतीण मिळते. तिला ‘डूला’ म्हणतात. आम्हां पार्लेकरांना मात्र वाडीतली सुईणच आठवते. प्रसूतिगृहे आली, तिचे अस्वच्छ पाते गेले, फार चांगले झाले! पण पाठीवरचा तिचा हातही गेला. १९८० साली ग्वाटेमालात त्या हाताचे मोल घड्याळाने ठरले. अनोळखी का होईना, बाई सोबत असलेल्या पहिलटकरणी सरासरी ८.८ तासांत मोकळ्या झाल्या. एकट्या राहिलेल्यांना १९.३ तास लागले.

आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांनी ३९ गावांतल्या बायकांनाच नवजाताचे श्वास मोजणे, ऊब देणे, इंजेक्शन टोचणे शिकविले. पहिल्या महिन्यात हजारी ६२ बाळे दगावत. १९९८पर्यंत हा आकडा २५वर आला. दाईला तेथे कुणी दूर लोटले नाही, तीही शिकली.