आरोग्य विम्यातील देयकपद्धती आणि मधुमेहाचे उपचार (जुन्नर व आंबेगाव तालुके)

सार्वजनिक आरोग्य विम्यातील देयकपद्धती म्हणजे उपचार करणाऱ्या रुग्णालयाला कोणत्या बाबीसाठी, किती व केव्हा पैसे द्यायचे याची ठरलेली रीत होय. मधुमेह हा आयुष्यभर सांभाळावा लागणारा विकार असल्याने या रीतीचा त्याच्या उपचारांवर विशेष परिणाम होतो. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव तालुक्यांत मधुमेहाच्या गुंतागुंतीवरील मोठे उपचार शासकीय योजनेतून होऊ शकतात. नित्याच्या गोळ्या व तपासण्या मात्र शासकीय दवाखान्यातून किंवा स्वखर्चाने मिळवाव्या लागतात.

योजनांची वाटचाल

राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २ जुलै २०१२ रोजी महाराष्ट्रातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली. नोव्हेंबर २०१३ मध्ये ती पुण्यासह उर्वरित जिल्ह्यांत लागू झाली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना हे नाव मिळाले व २०२० मध्ये केंद्राच्या आयुष्मान भारत योजनेशी तिची सांगड घालण्यात आली. आरंभी प्रतिकुटुंब वार्षिक १.५ लाख रुपये असलेली मर्यादा २०२३ च्या शासन निर्णयाने ५ लाख रुपये करण्यात आली व राज्यातील सर्व कुटुंबे पात्र ठरली.

देयकाची रीत

योजनेत प्रत्येक उपचारासाठी 'पॅकेज', म्हणजे एकरकमी दर ठरलेला असतो. शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या व भोजन यांचा खर्च त्यातच धरला जातो. रुग्णालयाने पूर्वमान्यता घेऊन उपचार करायचे व नंतर दावा दाखल करायचा, असा क्रम असतो. केवळ बाह्यरुग्ण विभागात घेतलेले नित्याचे उपचार या दरांत येत नाहीत.

मधुमेहावरील परिणाम

मूत्रपिंडे निकामी झाल्यावरचे डायलिसिस, हृदयावरील अँजिओप्लास्टी किंवा बायपास यांसाठी पॅकेज आहे. ज्या नियमित औषधोपचाराने ही वेळ टळू शकते किंवा लांबणीवर पडू शकते, त्यासाठी मात्र रुग्णालयाला या योजनेतून काहीच मिळत नाही. एकरकमी दरामुळे अनावश्यक तपासण्यांना आळा बसतो. परंतु मधुमेही रुग्णाची जखम भरण्यास अधिक दिवस लागले, तर वाढीव खर्चाचा भार रुग्णालयावर पडतो. त्यामुळे असा रुग्ण दाखल करून घेण्याबाबत अनुत्साह निर्माण होण्याचा धोका राहतो.

जुन्नर व आंबेगावमधील स्थिती

नित्याच्या उपचारांची जबाबदारी गावपातळीवरील आयुष्मान आरोग्य मंदिरे, प्राथमिक आरोग्य केंद्रे, नारायणगाव व घोडेगाव येथील ग्रामीण रुग्णालये आणि मंचर येथील उपजिल्हा रुग्णालय यांच्यावर आहे. असंसर्गजन्य रोगांच्या राष्ट्रीय कार्यक्रमानुसार ३० वर्षांवरील व्यक्तींची मधुमेह व रक्तदाबासाठी तपासणी केली जाते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील उपचार १५ ऑगस्ट २०२३ पासून निःशुल्क आहेत.

या संस्था वेतन व अंदाजपत्रकावर चालतात. रुग्णसंख्येनुसार त्यांचा निधी आपोआप वाढत नाही. औषधांचा साठा संपल्यास गोळ्या खासगी दुकानातून विकत घ्याव्या लागतात. दोन्ही तालुक्यांचा पूर्व भाग पुणे–नाशिक महामार्गालगतचा, बागायती आणि खासगी दवाखान्यांच्या जवळचा आहे. पश्चिमेकडील डोंगराळ भागात प्रामुख्याने महादेव कोळी व इतर आदिवासी समाजांची वस्ती आहे. तेथील रुग्णाला औषध विनामूल्य मिळाले तरी एस.टी.चे भाडे व बुडालेली मजुरी सोसावी लागते, आणि हा खर्च कोणत्याही पॅकेजमध्ये मोजला जात नाही. औषधात खंड पडण्याचे हे एक कारण ठरते.

अन्य देशांतील पद्धती

ब्रिटनमध्ये २००४ पासून रक्तशर्करा नियंत्रणासारख्या निकषांवर कुटुंबवैद्यांना अधिक मोबदला दिला जाऊ लागला. नेदरलँड्समध्ये २००७ पासून मधुमेही रुग्णाच्या वर्षभराच्या नित्य देखभालीसाठी एकत्रित रक्कम देण्याचा प्रयोग सुरू झाला. थायलंडने २००२ पासून बाह्यरुग्ण सेवेसाठी दरडोई रक्कम देण्याची पद्धत अवलंबिली. या तिन्ही पद्धतींत रुग्ण खाटेवर दाखल होण्यापूर्वीच्या देखभालीलाही मोबदला आहे. मात्र निकषांवर आधारित मोबदल्यात जे मोजले जाते त्याकडेच लक्ष जाण्याचा, तर दरडोई पद्धतीत सेवा कमी दिली जाण्याचा धोका असतो.