पेशी एकमेकींना धरतात कशा?

'सेल' हा शब्द जीवशास्त्रात आला तो रिकाम्या खोल्यांवरून. १६६५ साली रॉबर्ट हूकने 'मायक्रोग्राफिया' या ग्रंथात बुचाच्या पातळ कापाचं चित्र छापलं आणि मधाच्या पोळ्यासारख्या त्या कप्प्यांना हे नाव दिलं. खरं तर ती मेलेल्या पेशींची घरटी होती! आपण मराठीत 'पेशी' म्हणतो. उर्दूत पेशी म्हणजे कोर्टातली हजेरी; तो शब्द अगदी निराळा.

पण या पेशी एकमेकींना धरून कशा राहतात? १९०७ साली अमेरिकेत एच. व्ही. विल्सन यांनी जिवंत स्पंज बारीक रेशमी कापडातून पिळून काढला. सुट्या झालेल्या पेशी समुद्राच्या पाण्यात तळाशी बसल्या, हळूहळू एकमेकींना चिकटल्या आणि त्यांतून पुन्हा स्पंज उभा राहिला.

ही पकड कशाची, हे कळायला बराच काळ गेला. १९७०च्या दशकात मासातोशी ताकेइची जपानमधून बाल्टिमोरला गेले. ट्रिप्सिन या पाचक द्रव्याने सुट्या केलेल्या पेशी क्योटोत पुन्हा चिकटत, इथे चिकटेनात. इथल्या द्रावणात कॅल्शियम काढून घेणारं रसायन होतं, एवढाच फरक! कॅल्शियम असेल तरच पेशीच्या अंगावरचं एक प्रथिन ट्रिप्सिनच्या तावडीतून वाचतं आणि शेजारणीवरच्या तशाच प्रथिनाला धरतं. १९८४ साली त्याला 'कॅडहेरिन' हे नाव मिळालं.

ही पकड सुटली की काय होतं? न्यूझीलंडमधल्या एका माओरी कुटुंबात पिढ्यान्‌पिढ्या माणसं जठराच्या कर्करोगाने जात होती, कित्येक तर ऐन तरुणपणी. १९९८ साली त्यांच्यात कॅडहेरिनच्याच एका जनुकातला दोष सापडला. तेव्हापासून अशा घरांतली माणसं तपासणी करून आधीच जठर काढून घेऊ शकतात.