ग्रेटेस्ट हिट्स (जेम्स टेलर)

ग्रेटेस्ट हिट्स : अमेरिकन गायक-गीतकार जेम्स टेलर (१२ मार्च १९४८ – ) यांच्या बारा गाण्यांची एलपी ध्वनिमुद्रिका. वॉर्नर ब्रदर्स रेकॉर्ड्सने ती नोव्हेंबर १९७६ मध्ये प्रकाशित केली. ‘बिलबोर्ड’च्या अल्बम-यादीत ती २३ व्या क्रमांकाच्या वर गेली नाही, मात्र तिचा खप पुढे अनेक वर्षे चालू राहिला. अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने तिला १ कोटी १० लाख प्रतींचे प्रमाणपत्र दिले असून टेलर यांचा हा सर्वाधिक खपाचा अल्बम आहे. नाव ‘सर्वांत गाजलेली गाणी’ असे असले, तरी त्यांतील निवड लोकप्रियतेइतकीच कंपन्यांच्या करारांनी ठरवली.

पार्श्वभूमी : टेलर यांचा जन्म बॉस्टनचा, बालपण नॉर्थ कॅरोलायना राज्यातील चॅपेल हिल येथे गेले. १९६८ मध्ये ते लंडनला गेले. बीटल्सनी नुकत्याच काढलेल्या ॲपल रेकॉर्ड्समध्ये नवे कलाकार हेरण्याचे काम पीटर ॲशर यांच्याकडे होते. त्यांनी टेलर यांना करारबद्ध केले आणि त्यांचा पहिला अल्बम त्याच वर्षी निघाला. पुढे ॲशर ॲपलमधून बाहेर पडले, अमेरिकेला परतलेल्या टेलर यांचे व्यवस्थापन त्यांनी हाती घेतले आणि वॉर्नर ब्रदर्सशी नवा करार झाला. ‘स्वीट बेबी जेम्स’ (१९७०) या अल्बममुळे टेलर यांचे नाव घरोघरी पोहोचले. मार्च १९७१ मध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने त्यांना मुखपृष्ठावर स्थान दिले. १९७० ते १९७६ या काळात वॉर्नरसाठी त्यांचे सहा अल्बम झाले. त्यानंतर ते कोलंबिया रेकॉर्ड्सकडे गेले. जाण्यापूर्वीच्या या पर्वाचा गोषवारा म्हणजे हा संग्रह.

निवड : पहिल्या बाजूची पहिली दोन गाणी, ‘समथिंग इन द वे शी मूव्ज’ आणि ‘कॅरोलायना इन माय माइंड’, मूळ ॲपलच्या अल्बममधील. ती ध्वनिमुद्रणे वापरण्याची परवानगी मिळण्यात अडचणी आल्यामुळे टेलर यांनी १९७६ मध्ये दोन्ही गाणी नव्याने गायली. ‘कॅरोलायना’च्या १९६८ च्या मुद्रणात बीटल्सपैकी पॉल मॅकार्टनी यांचे बास गिटार आहे, तर जॉर्ज हॅरिसन यांचा आवाज साथीला आहे. नव्या मुद्रणाची लय अधिक संथ असून बाज अमेरिकन कंट्री संगीताचा आहे. अनेक श्रोत्यांच्या कानांत आज हेच रूप पक्के बसलेले आहे.

वॉर्नरच्या सहाही अल्बममधून गाणी घेतलेली आहेत. ‘फायर अँड रेन’ (१९७०) हे गाणे बिलबोर्डच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर गेले होते. मैत्रिणीची आत्महत्या, व्यसनाशी झगडा आणि मोडलेला बँड असे तीन कडव्यांचे तीन विषय. त्यात गीतकार कॅरोल किंग यांचा पियानो आहे. रस कंकेल ड्रमवर काठ्यांऐवजी ब्रश वापरतात, आणि बास गिटारच्या जागी डबल बास आहे. गायक-गीतकार अशी ख्याती असूनही टेलर यांचे पहिल्या क्रमांकावर पोहोचलेले एकमेव गाणे दुसऱ्याच्या लेखणीतले आहे : ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’ (१९७१) कॅरोल किंग यांनी लिहिले. पाचव्या क्रमांकापर्यंत गेलेले ‘हाउ स्वीट इट इज’ हे मार्विन गे यांनी १९६४ मध्ये गाजवलेले मोटाउन कंपनीचे गाणे. ‘स्टीमरोलर’ मात्र मैफलीतील मुद्रण असून ब्लूज गायकीच्या बढाईची ती थट्टा आहे.

वगळलेली गाणीही बोलकी आहेत. १९७४ मध्ये पाचव्या क्रमांकावर गेलेले ‘मॉकिंगबर्ड’ हे गायिका कार्ली सायमन यांच्यासोबतचे युगुलगीत येथे नाही. ते सायमन यांच्या अल्बमसाठी इलेक्ट्रा कंपनीकडे झाले होते. ‘लाँग अगो अँड फार अवे’ हे वॉर्नरचेच, पहिल्या चाळिसात आलेले गाणेही वगळले आहे. उलट यादीत कधीच न चढलेले ‘स्वीट बेबी जेम्स’ हे शीर्षकगीत आहे. चौथ्या क्रमांकावर गेलेले ‘हँडी मॅन’ १९७७ मध्ये कोलंबियाकडे झाले; ते ‘ग्रेटेस्ट हिट्स व्हॉल्यूम २’ (२०००) या पुढील संग्रहात आले.

जुन्या प्रती : प्रचंड खपामुळे ही रेकॉर्ड जुन्या बाजारात सहज मिळते आणि दुर्मीळ मानली जात नाही. पहिल्या अमेरिकी आवृत्तीचा क्रमांक बीएस २९७९. लवकरच तो बीएसके ३११३ असा बदलला. सत्तरच्या दशकातील प्रतींच्या लेबलवर दुतर्फा झाडे असलेल्या बरबँक शहरातील रस्त्याचे रंगीत चित्र दिसते. १९७८ च्या सुमारास त्याची जागा फिकट बदामी लेबलने घेतली. लेबल आणि शेवटची चर यांमधील कोऱ्या पट्टीत कोरलेली अक्षरे वाचली, की ती प्रत कोणत्या साच्यातून निघाली याचा माग लागतो. रेकॉर्ड-क्लबांसाठी काढलेल्या प्रती वेगळ्या क्रमांकाच्या असतात.

किंमत ठरते ती अवस्थेवरून. विक्रेते प्रतीला मिंट, निअर मिंट, व्हेरी गुड प्लस, व्हेरी गुड, गुड अशा उतरत्या श्रेणी देतात; तबकडी आणि कव्हर यांची श्रेणी वेगवेगळी लिहिण्याची पद्धत आहे. ‘गुड’ या श्रेणीचा अर्थ व्यवहारात ‘बरीच झिजलेली’ असा होतो. कव्हरवर तबकडीच्या कडेचा गोल वळ उठलेला असणे हा नेहमीचा दोष. या संग्रहात गिटार आणि आवाज यांना भरपूर मोकळी जागा असल्यामुळे दणदणीत रॉक संगीतात लपून जाणारी खरखर येथे लगेच कानावर येते.

प्रत पारखताना पहिल्या बाजूचे शेवटचे गाणे ऐकावे. तबकडी मिनिटाला ३३⅓ फेरे घेते. बाहेरच्या चरीत सुईखालून सेकंदाला सुमारे ५० सेंमी. चर सरकते, तर लेबलाजवळ जेमतेम २१ सेंमी. तेवढेच ध्वनितरंग कमी लांबीत दाटलेले असल्याने बोथट सुईची झीज तेथे आधी उमटते. ‘यू’व्ह गॉट अ फ्रेंड’ नेमके याच पट्ट्यात येते. त्यातील ‘स’कार फाटल्यासारखे ऐकू आले, तर बाहेरून चकचकीत दिसणारी प्रतही जड सुईखाली पुष्कळदा वाजलेली आहे असे समजावे. असा दोष धुऊन जात नाही. धूळ आणि बोटांचे डाग मात्र धुण्याने निघतात.