बाण सरळ जात नाही

आपल्याकडे बहुतेकांचं बाणाबद्दलचं ज्ञान रामायण-महाभारतापाशी थांबतं. माझंही तिथेच थांबलं होतं. लॉकडाऊनमध्ये टीव्हीवर परत लागलेल्या रामायणात दोन बाण आकाशात समोरासमोर यायचे, ठिणग्या उडायच्या आणि आई म्हणायची, "बघ कसा सरळ गेला!" बाणाची काडी कशाची आहे, तिचं वजन किती, हे प्रश्न काही तेव्हा आमच्या डोक्यात आले नाहीत.

ते आले गेल्या सप्टेंबरमध्ये. प्रोजेक्टच्या निमित्ताने मी अमेरिकेत, ओहायोतल्या क्लीव्हलँडजवळ होतो. शेजारच्या क्यूबिकलमधला सहकारी पन्नाशीचा, दर वर्षी धनुष्यबाणाने हरणाची शिकार करणारा. हंगाम सुरू व्हायच्या आधी नवे बाण घ्यायचे होते, म्हणाला येतोस का? मी शाकाहारी घरातला. पण शनिवारी कपडे धुण्यापलीकडे काही काम नव्हतं, गेलो.

दुकानात भिंतभर काळे कार्बनचे बाण. प्रत्येकावर आकडा: ३००, ३४०, ४००, ५००. मला वाटलं आकडा मोठा तितका बाण ताठ. साफ उलटं! बाणाची काडी २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवायची, मधोमध साधारण ८८० ग्रॅम वजन टांगायचं आणि ती किती वाकते ते इंचाच्या हजाराव्या भागात मोजायचं. ४०० म्हणजे ०.४०० इंच, म्हणजे सुमारे एक सेंटिमीटर. ह्याला 'स्पाइन' म्हणतात. मेकॅनिकलची डिग्री घेऊन आयटीत घुसलेल्या असंख्य लोकांपैकी मी एक. सिम्पली सपोर्टेड बीम, मध्ये पॉइंट लोड, डिफ्लेक्शन काढा. परीक्षेला पाठ केलेलं गणित चार वर्षांत एकदाही उपयोगी पडलं नव्हतं, ते इथे भिंतीवर टांगलेलं दिसलं!

पण वाकणं मोजायचंच कशाला? सगळ्यात ताठ तो घ्यावा की. तर गंमत अशी, की साध्या लाकडी धनुष्यात बाण दांड्याच्या एका बाजूला टेकलेला असतो. दोरी सुटली की ती दांड्याच्या मध्याकडे येते, म्हणजे बाणाने तिरकं जायला हवं. तरी तो नेमावर जातो. १९३०च्या दशकात बेल लॅब्जमधल्या क्लॅरेन्स हिकमन ह्या शास्त्रज्ञाने अतिवेगवान कॅमेऱ्याने चित्रण केलं, त्यात बाण मासोळीसारखा वळवळत दांड्याला वळसा घालून जाताना दिसला. फार ताठ असेल तर दांड्यावर आपटून एका बाजूला भरकटतो, फार लवचीक असेल तर दुसऱ्या बाजूला. आजच्या कप्प्यांच्या कंपाउंड धनुष्यात वळसा घालावा लागत नाही, पण लांब बारीक काडीला मागून एवढा जोराचा धक्का बसला की ती वाकतेच. त्यामुळे बाण निवडायचा म्हणजे आपल्या धनुष्याला जुळेल इतकाच वाकणारा निवडायचा.

हे ज्याला कुठलाही आकडा न वापरता कळत होतं अशा एका माणसाची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ऑगस्ट १९११. कॅलिफोर्नियातल्या ओरोव्हिल गावाजवळच्या कत्तलखान्याशी एक भुकेला, एकटा माणूस सापडला. सोन्याच्या मागे आलेल्या गोऱ्यांनी ज्या याही जमातीची कत्तल केली, तिच्यातला तो शेवटचा. त्याने स्वतःचं नाव कधी सांगितलं नाही. 'इशी' म्हणजे त्याच्या भाषेत नुसतं 'माणूस'. सॅन फ्रान्सिस्कोतल्या विद्यापीठाच्या संग्रहालयात त्याला ठेवलं, आणि शेजारच्या हॉस्पिटलातले सर्जन सॅक्स्टन पोप त्याच्याकडून धनुर्विद्या शिकले. इशी हेझलच्या सरळ फांद्या निवडायचा, निखाऱ्यावर धरून एकेक बाक काढायचा. लांबच्या निशाण्यावर तो फार चमकला नाही, पण हरणाच्या अगदी जवळ जाण्यात त्याचा हात धरणारा नव्हता. १९१६ साली क्षयाने तो गेला. पोपनी १९२३ मध्ये शिकारीवर पुस्तक लिहिलं आणि अमेरिकेत धनुष्याच्या शिकारीचं वेडच लागलं.

त्या वेड्यांत एक डग ईस्टन. कंपनीच्या इतिहासात सांगतात, की बंदुकीच्या अपघातात पाय जायबंदी होऊन तो हॉस्पिटलात पडला होता तेव्हा पोपचं पुस्तक त्याच्या हाती आलं. तो सीडरचे उत्तम बाण करू लागला. पण लाकूड ते लाकूड! एकाच झाडाच्या दोन काड्या सारख्या वाकत नाहीत, आणि दमट हवेत कालची सरळ काडी आज वाकडी. म्हणून १९३९ मध्ये त्याने अॅल्युमिनियमची नळी घेतली. १९४१ साली लॅरी ह्यूजने तेच बाण वापरून अमेरिकेची राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. पुढे युद्धात अॅल्युमिनियम विमानांकडे गेलं, धंदा परत उभा राहिला तो १९४६ नंतर. अॅल्युमिनियम लाकडाहून वेगवान होतं म्हणून ते जिंकलं असं नाही. डझनातला बारावा बाण पहिल्यासारखाच वागत होता, म्हणून जिंकलं.

आणि कार्बन? ते ऐकून मी उडालोच. क्लीव्हलँडला लागूनच पार्मा गाव आहे, मी तिथून रोज जायचो. तिथल्या युनियन कार्बाइडच्या प्रयोगशाळेत १९५८ साली रॉजर बेकनला विद्युतभट्टीत केसाहूनही बारीक ग्राफाइटचे तंतू सापडले, पोलादापेक्षा कितीतरी बळकट. त्याच्याच अंदाजाने त्यांची किंमत पौंडाला एक कोटी डॉलर पडली असती! पुढे जपानमध्ये अकिओ शिंदो आणि इंग्लंडमध्ये फार्नबरोच्या शास्त्रज्ञांनी वेगळ्या कच्च्या मालापासून तंतू केले, १९७०च्या दशकात ते मासेमारीच्या गळांत आणि गोल्फच्या काठ्यांत आले. १९८३ मध्ये ईस्टनने अॅल्युमिनियमच्या पातळ नळीवर कार्बन चढवून बाण केला, नंतर निव्वळ कार्बनचे आले. २०२३ साली बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे कंपाउंडमध्ये जगज्जेते झाले, ते ह्याच काळ्या काड्यांच्या जमान्यात.

पण कार्बनची एक खोड आहे. अॅल्युमिनियम वाकलं की दिसतं. कार्बन एकतर सरळ असतो, नाहीतर तुटतो. आत तडा गेलेला बाण दिसायला नव्यासारखाच, आणि दोरी सोडताना फुटला तर तुकडे थेट हातात घुसतात. म्हणून दर वेळी तो दोन्ही हातांनी हलकेच वाकवून, कानाशी धरून करकर ऐकायची.

आता आमच्या बाणांकडे. सहकाऱ्याचं धनुष्य ६० पौंडांचं, तेव्हा स्पाइन ४००, त्यावर वाद नव्हता. वाद वजनावर. धनुष्याच्या दर पौंडाला किमान ५ ग्रेन बाण हवा असा संकेत आहे, म्हणजे ३०० ग्रेन, जेमतेम साडेएकोणीस ग्रॅम. हलका बाण वेगवान, जाहिराती सगळ्या वेगाच्याच. ह्याने मात्र ४५० ग्रेन भरतील असे जाड भिंतीचे घेतले. मी विचारलं, हळू नाही का जाणार?

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, आदल्या वर्षी हलका बाण होता. लांबून सोडला, हरिणीच्या खांद्याच्या हाडात अडला. रात्री अकरापर्यंत टॉर्च घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरलो, मग थेंबही संपले. "माझ्या हौसेपायी ती कुठेतरी तडफडत मेली असणार." जड बाणाचा वेग कमी, पण तो आत शिरतो. आणि तो लांबून सोडायचा मोह होत नाही, जवळ जावं लागतं.

जवळ जावं लागतं, हे ऐकून मला इशी आठवला.

शिकारीबद्दल माझं मत काही बदललं नाही. पण हंगामात तो पहिल्या तीन शनिवारी जाऊन एकही बाण न सोडता परत आला, आणि सोमवारी ऑफिसात मी त्याला चहा पाजला. आपण घरी गेल्यावर आईला सांगायचं ठरवलंय, की बाण सरळ जात नाही. पटणार नाही तिला. असो.