वैनगंगेचा काठ आणि अभ्यासमंडळ

पवनी तालुक्यातील गोसीखुर्द हे नाव सर्वदूर झाले ते १९८८ साली पायाभरणी झालेल्या धरणामुळे. या परिसरातील विद्यार्थी बी.ए.ला कोणते मराठी वाचणार, हे मात्र नागपुरात ठरते. पूर्वी हे अंतर याहून मोठे होते. १८८५ साली सुरू झालेले नागपूरचे मॉरिस कॉलेज आधी कलकत्ता विद्यापीठाला व १९०४ नंतर अलाहाबादला जोडलेले होते. नागपूर विद्यापीठ स्थापन झाले १९२३ साली.

परंतु केवळ जवळ असून भागत नाही. १८५७चे मुंबई विद्यापीठ तर मराठी मुलुखातलेच! तरीही अभिजात भाषांच्या आग्रहापायी १८६०च्या दशकात तेथील उच्च परीक्षांतून मराठी वगळली गेली. न्यायमूर्ती रानडे यांच्या दीर्घ खटपटीनंतर ती एम.ए.ला परतली, तेव्हा विसावे शतक उजाडले होते.

आज अभ्यासमंडळाने केलेला मसुदा विद्याशाखेकडे आणि तेथून विद्यापरिषदेकडे जातो. २०१६च्या कायद्यानेही ही उतरंड कायम ठेवली. स्वायत्त महाविद्यालयांना स्वतःचे अभ्यासमंडळ असते. संलग्न महाविद्यालयातील प्राध्यापकाला मात्र पाठ्यपुस्तकातला एक धडाही स्वतःहून बदलता येत नाही. त्यामुळे मंडळावर कोण बसतो, हा प्रश्न वाटतो तितका कारकुनी नाही.

धरणाच्या बुडित क्षेत्रातील गावे उठली, तशी झाडीबोली बोलणारी माणसेही पांगली. तिच्यावरचा एखादा घटक अभ्यासक्रमात यायचा, तर तो सुचवणारा कुणी त्या बैठकीत हवा. आणि मसुदा मंजुरीपूर्वीच पवनीच्या प्राध्यापकांच्या हाती पडायला हवा.