हाफकिन, वाल्डेमार मॉर्डेकाय

(१५ मार्च १८६० – २६ ऑक्टोबर १९३०). पटकी आणि प्लेग या रोगांवर लशी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ. जन्म ओडेसा येथे, ज्यू कुटुंबात. तेथील विद्यापीठात त्यांनी मेचनिकॉव्ह यांच्या हाताखाली प्राणिशास्त्राचे शिक्षण घेतले. काही काळ जिनीव्हात काढून १८८९ मध्ये ते पॅरिसच्या पाश्चर संस्थेत आले आणि तेथे त्यांना आरंभी मिळाली ती ग्रंथालयातील साहाय्यकाची जागा. वैद्यकाची पदवी त्यांच्याजवळ नव्हती, आणि हे पुढे त्यांना महागात पडले. मुंबईकरांना त्यांचे नाव परळच्या संस्थेमुळे ठाऊक असते, पण ओळख बहुधा ‘प्लेगची लस शोधणारा’ इथेच थांबते. लस कोणाला व कोणत्या अटीवर टोचायची, ती उपयोगी पडली हे कशावरून ठरवायचे आणि घात झाला तर जाब कोणाला विचारायचा, हे प्रश्न भारतात त्यांच्याच कामातून ऐरणीवर आले. लोकांनी लस आपखुशीने घ्यावी हा त्यांचा शिरस्ता भलेपणातून आलेला असेलही. पण त्यांच्या सिद्धतेची सारी पद्धत त्यावर उभी होती, हे अधिक महत्त्वाचे.

पटकीची लस त्यांनी १८ जुलै १८९२ रोजी आधी स्वतःला टोचून घेतली आणि १८९३ मध्ये ते भारतात आले. कलकत्त्याच्या वस्त्यांमध्ये त्यांनी एकाच वस्तीतील टोचलेले आणि न टोचलेले यांची नोंद शेजारी शेजारी ठेवली. तेव्हा देवीच्या लशीसाठी १८८० चा कायदा होता आणि तो जिथे लागू केला जाई तिथे मुलांना लस टोचणे पालकांवर बंधनकारक होते. सक्तीने सगळ्यांना टोचले की तुलनेला कोणी उरत नाही. हाफकिन यांच्या लशीला कायद्याचे पाठबळ नव्हते. त्यामुळे जे नको म्हणत तेच त्यांच्या हिशेबाची दुसरी बाजू होत.

सप्टेंबर १८९६ मध्ये मांडवी भागात मूळ गोव्याचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेग ओळखला. पाठोपाठ सरकारने हाफकिन यांना मुंबईत आणले. ग्रँट मेडिकल कॉलेजच्या तोकड्या जागेत त्यांनी काम सुरू केले. मांसरसावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्यांना धरून जंतूंची वाढ झुंबरासारखी खाली लोंबते. ती हलवून पाडायची, पुन्हा वाढू द्यायची, अखेर उष्णतेने जंतू मारायचे आणि त्यात कार्बोलिक आम्ल घालायचे, अशी ही कृती होती. १० जानेवारी १८९७ ला त्यांनी ती लस स्वतःवर घेतली. महिना संपण्याच्या आत भायखळ्याच्या तुरुंगात साथ शिरली, तेव्हा राजी झालेल्या सुमारे निम्म्या कैद्यांना ती टोचण्यात आली. न टोचलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला व ६ दगावले. टोचलेल्यांत दोघांना झाला आणि मृत्यू एकही नाही.

याच आठवड्यांत सरकार दुसऱ्या वाटेने निघाले होते. ४ फेब्रुवारी १८९७ चा साथरोग अधिनियम चार कलमांचा, एखाद्या परिपत्रकाएवढा. दुसऱ्या कलमाने प्रवाशांची तपासणी आणि संशयितांना अलग ठेवणे यांसाठी वाटेल ते नियम करण्याची मुभा दिली; चौथ्याने सद्हेतूने वागणाऱ्या अंमलदारावर दावा लावण्यास मनाई केली. पुण्यात त्याचे काय झाले हे मराठी वाचकाला सांगायला नको: सोल्जरांकडून घरांची झडती, विलगीकरणाच्या छावण्या, २२ जूनला गणेशखिंडीत रँडवर चापेकरांची गोळी, मग टिळकांवर राजद्रोहाचा खटला. या धामधुमीतही प्लेगची लस सर्वांना सक्तीची झाली नाही. झाली असती तर तिलाही छावण्यांच्याच पंक्तीत बसवले गेले असते.

‘आपखुशी’ या शब्दावर आक्षेप घेता येतो, आणि तो वजनदार आहे. कैद्याची संमती कितपत मोकळी? पुढे तर टोचणीचा दाखला असलेल्याला विलगीकरणातून आणि प्रवासाच्या अटकावातून सूट मिळू लागली. छावणी टाळायची म्हणून दंड पुढे करणाऱ्याला राजी म्हणायचे का? नियमात सक्ती नव्हती, पण परिस्थितीत ती होती, हे मान्यच करावे लागते. तरीही नकार देणाऱ्याचा हात धरून सुई मारली जात नव्हती, हा फरक उरतोच. दुसरा आक्षेप शास्त्रीय आहे. आपणहून पुढे येणारे मुळातच अधिक धडधाकट वा सावध असतील, तर आकडे लशीचे नव्हे, माणसांच्या निवडीचे ठरतात. हे हाफकिन यांना कळत होते, याचा पुरावा बडोद्याजवळच्या उंधेरा गावी १८९८ मध्ये मिळतो. तेथे प्रत्येक कुटुंबातील निम्म्यांना टोचले आणि निम्म्यांना वगळले. घर तेच, अन्न तेच, उंदीरही तेच. न टोचलेल्या ६४ पैकी २७ आजारी पडले, २६ मेले. टोचलेल्या ७१ पैकी ८ आजारी पडले आणि ३ मेले. सरकारने नेमलेल्या प्लेग आयोगाने त्यांच्या मापनातील ढिलाईवर बोट ठेवले, पण लशीने रोगाचे प्रमाण घटते हे स्वीकारले. साथ मात्र लशीने हटली नाही. १९०७ या एका वर्षात भारतात प्लेगने १० लाखांहून अधिक माणसे नेली. ज्या पिसवेमुळे रोग पसरतो तिच्यावर लशीचा काही इलाज नव्हता, आणि टोचून घेणाऱ्यांची संख्या देशाच्या मानाने थोडीच राहिली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबात मुलकोवाल गावी १०७ जणांना हाफकिन यांच्या परळच्या प्रयोगशाळेतून आलेली लस टोचण्यात आली. त्यांपैकी ‘५३-एन’ या एकाच बाटलीतून टोचलेल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि सगळे दगावले. मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स यांच्या अध्यक्षतेखालील चौकशी समितीने दूषण बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे प्रयोगशाळेत, शिरले असावे असा निष्कर्ष काढला. हाफकिन यांना निलंबित करण्यात आले. पण बाटली आठवड्यांमागे भरली होती. तेव्हाच धनुर्वाताचे जंतू आत गेले असते तर वाढून त्यांनी विष आणि दुर्गंधी दोन्ही निर्माण केली असती. उघडताना वास आला नव्हता आणि लक्षणे आठवडाभराने दिसली. शिवाय बूच काढण्याचा चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नुसता कार्बोलिकच्या पाण्यात बुडवून पुन्हा वापरला गेला, अशी साक्ष होती. रोनाल्ड रॉस आणि इतर शास्त्रज्ञांनी १९०७ मध्ये लंडनच्या ‘टाइम्स’मधून हे जाहीरपणे मांडले, तेव्हा कुठे हाफकिन यांच्यावरचा ठपका पुसला गेला. चौकशीवर लष्करी वैद्यक सेवेतल्या मत्सराची छाया होती असे म्हणतात. पदवी नसलेला परदेशी ज्यू वरचढ झालेला तिथे अनेकांना खुपत होता, हे खरे. पण मत्सर बाजूला ठेवला तरी चूक उरते. जंतू वाढायला किती काळ लागतो हा साक्षीदारांच्या जबान्यांइतकाच पक्का पुरावा होता, आणि समितीने तो पुरेसा तोलला नाही. ज्या राजवटीच्या कायद्याने झडती घेणाऱ्या अंमलदाराला कवच दिले, त्याच राजवटीत लस बनवणाऱ्याला पाच वर्षे आरोपाखाली काढावी लागली, ही विसंगती चौकशीच्या कागदांत कुठे उमटलेली नाही.

हाफकिन कामावर परतले ते कलकत्त्याला, परळच्या संचालकपदावर नव्हे. निवृत्तीनंतर ते युरोपात राहिले. मृत्यू स्वित्झर्लंडमधील लोझान येथे झाला. परळच्या प्रयोगशाळेला त्यांचे नाव १९२५ मध्ये देण्यात आले.

१८९७ चा अधिनियम २०२० मध्ये कोविडच्या साथीत पुन्हा वापरला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये मुंबईच्या लोकल गाड्या दोन मात्रा घेतलेल्यांना खुल्या झाल्या, तेव्हा प्लेगच्या दाखल्याचा प्रश्न नव्याने उभा राहिला. २ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कोणालाही लस घेण्यास भाग पाडता येणार नाही, मात्र प्रमाणशीर निर्बंध घालता येतील, असे सांगितले. चाचण्यांची माहिती आणि लशीनंतरचे दुष्परिणाम लोकांसमोर ठेवण्याचा आदेशही त्याच निकालात आहे.